मदत हवी आहे: आत्या गेली, तिचा बोका जेवत नाहीये

सावनी_म | २६ जून, रात्री ११:४२
कोणी जागं असेल तर लगेच सांगा. माझी आत्या गेली. मी इथे मालवणला तिच्या घरी आहे. तिचा बोका आहे, बाळग्या. तो काही म्हणजे काही खात नाहीये. दिवसभर तिच्या खाटेखाली बसून असतो. पहाटे पाचला पुढच्या दारात जाऊन असा ओरडतो की घरातले सगळे उठून बसतात. आत्या पाचला उठायची. दूध दिलं, चपाती कुस्करून दिली, वरणभात दिला. शेवटी बाजारातून मांजराच्या खाण्याचं पाकीट आणलं, तेही हुंगून निघून गेला. त्याला भूक लागेल असं काहीतरी सांगा. मला पुढच्या रविवारी पुण्याला परत जायचंय.

माऊची_माय | २६ जून, रात्री ११:५८
आत्या गेल्याचं वाचून वाईट वाटलं. पण आधी एवढं सांगा: किती दिवस खाल्लं नाही? वय काय? अंगाने जाड आहे का? पाणी पितो का? आणि बोका आहे म्हणून विचारते, शू करतो का?

श्रीरंग_काका | २७ जून, सकाळी ६:१०
सावनी, काळजी करू नकोस. मुकं जनावर आहे, त्यालाही दुःख आहे. आमच्या वडिलांच्या वेळी आमचा कुत्रा आठवडाभर अन्नाला शिवला नव्हता. मग आपणहून खाऊ लागला. पोटात आग पडली की खाईल, मागे लागू नका.

माऊची_माय | २७ जून, सकाळी ६:३५
काका, माफ करा, पण हा सल्ला मांजराला लागू नाही. कुत्रा आठवडा काढेल. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी वितळून यकृतात साठायला लागते. मग मळमळतं, म्हणून ते आणखी खात नाही. जाड मांजरात हे फार लवकर होतं. माझी एक मांजरी मी अशीच 'रुसली असेल' म्हणून घालवली आहे. सावनी, त्याचा ओठ वर करून हिरडी बघा, कानाची आतली बाजू बघा. पिवळट दिसली तर आजच डॉक्टर. आणि शूचं सांगा.

अनघा_कोथरूड | २७ जून, सकाळी ८:०२
फेलिवे लावा! प्लगमध्ये लावायचं, वास आपल्याला येत नाही, मांजर शांत होतं. आम्ही घर बदललं तेव्हा चार दिवसांत फरक पडला. ऑनलाइन मिळतं.

दिगू_वेंगुर्लेकर | २७ जून, सकाळी ८:४०
मालवणात पार्सल यायला चार दिवस लागतील, तोवर बोक्याने काय करायचं? सावनी, मला एवढंच सांगा, आत्या त्याला काय घालायच्या?

सावनी_म | २७ जून, सकाळी ९:१५
सगळ्यांचे आभार. रविवारी गेली ती, म्हणजे आज सातवा दिवस. सोमवार-मंगळवारी त्याने थोडं दूध चाटलं असेल, नंतर तेही नाही. वय नऊ-दहा. हो, चांगला गुबगुबीत आहे, दोन हातांनी उचलावा लागतो. हिरडी मला गुलाबीच वाटली, पण घरात पावसाचा अंधार आहे. आत्या त्याला मासेच घालायची. मांदेली नाहीतर तारली उकडून, काटे काढून, मऊ भातात कालवून. शेणाने सारवलेल्या पडवीत, त्याच एका जर्मनच्या ताटलीत. 'बाळग्या, जेवूक ये रे' म्हणायची. आता घरात सुतक आहे, मासे कसे येणार?

दिगू_वेंगुर्लेकर | २७ जून, सकाळी ९:२२
हे कालच सांगायचं ना! आयुष्यभर मासे-भात खाल्लेला बोका चपाती कसा खाईल?

मीरा_आपटे | २७ जून, सकाळी ९:५०
सुतक माणसांना असतं. घरच्या चुलीवर नको असेल तर शेजारी उकडून आणा. आमच्याकडे तर सुतकात जेवणच शेजारून येतं.

श्रीरंग_काका | २७ जून, सकाळी १०:०५
मीराताई, असं सरसकट बोलू नका. बहीण गेली आहे त्यांच्या वडिलांची. त्यांच्या मनाला लागेल असं घरात करू नये. दहा दिवसांचा प्रश्न आहे.

मीरा_आपटे | २७ जून, सकाळी १०:११
काका, दहा दिवस त्या मांजराकडे नाहीत. वरचा प्रतिसाद वाचलात ना?

कोलंबीप्रेमी | २७ जून, सकाळी १०:३०
पण सध्या मासेमारी बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै. मांदेली मिळेल कुठून? पूर्वी बंदीत इतकं कडक नसायचं.

दिगू_वेंगुर्लेकर | २७ जून, सकाळी १०:४४
बंदी यांत्रिक होड्यांना आहे. खाडीतलं काही ना काही येतं बाजारात. पावसात गोड्या पाण्यातले मासेही मिळतात. अगदीच नसेल तर सुकी मासळी, पण ती दोन-तीनदा पाणी बदलून उकळा. खारवलेली तशीच देऊ नका.

कोलंबीप्रेमी | २७ जून, सकाळी १०:५२
सुकटाच्या किमती बघितल्यात का यंदा?

माऊची_माय | २७ जून, सकाळी ११:००
किमतींसाठी वेगळा धागा काढा, कृपा करून. सावनी, कोंबडी उकडून तिचं पाणी दिलंत तरी चालेल. कांदा, लसूण, मसाला काही नको. कोमट करून द्या, गरम झालं की वास सुटतो आणि मांजर नाकानेच जेवतं. दूध बंद करा, मोठ्या मांजराला पचत नाही. शू?

वाचनवेडा | २७ जून, दुपारी १२:२०
मांजर शोक करतं का, यावर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड विद्यापीठाचा अभ्यास आला आहे. घरातला दुसरा प्राणी मेल्यावर मांजरं कमी खातात, कमी खेळतात, माणसाच्या मागेमागे राहतात असं पाळणाऱ्यांनी सांगितलं. पण तो प्राण्यांबद्दल आहे, माणूस गेल्यावरचा नाही, आणि माहिती मालकांनी दिलेली आहे. दुःखात असलेल्या माणसाला मांजरही दुःखी दिसू शकतं. माझ्या मते याची दिनचर्या मोडली आहे, याला शोक म्हणायची घाई नको.

मीरा_आपटे | २७ जून, दुपारी १२:४१
पहाटे पाचला दारात जाऊन तो कोणाला हाक मारतोय मग?

सुहास७१ | २७ जून, दुपारी १:१५
दुसरं पिल्लू आणा. बरोबर होईल.

माऊची_माय | २७ जून, दुपारी १:२०
अजिबात नाही. आधीच घर परकं झालंय, त्यात नवा प्राणी नको.

सावनी_म | २७ जून, दुपारी ३:३०
त्याचं अंग गरम लागतंय. बाबा म्हणतात ताप असेल. क्रोसिनचा पाव तुकडा देऊ का? सिरिंजने भाताची पेज पाजायचा प्रयत्न केला, सगळी थुंकली आणि खाटेखाली गेला. आता मला बघितलं तरी मागे सरकतो.

माऊची_माय | २७ जून, दुपारी ३:३२
क्रोसिन नाही!! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पाव तुकडाही नाही. मांजराचं अंग आपल्याला नेहमीच गरम लागतं, त्याचं साधं तापमानच ३८-३९ सेल्सिअस असतं. सिरिंजही थांबवा, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि त्याला तुमची भीती बसेल ते वेगळंच. आता घरगुती काही नको, डॉक्टरकडे न्या. आणि मी चौथ्यांदा विचारते आहे, बोका शू करतोय का? ताणाने बोक्याची लघवी अडते. एक दिवस पूर्ण अडली तर जीवावर बेततं. जोर करतो, वारंवार बसतो, असं काही?

सावनी_म | २७ जून, दुपारी ३:५०
खरंच लक्ष दिलं नाही. तो बाहेर माडाखाली जायचा. आता पाऊस आणि माणसांची ये-जा, बाहेर गेलेला मी बघितला नाही. तीस-चाळीस माणसं येऊन गेली. दिवा अखंड आहे, उदबत्त्या चालू. आत्याची गादी, उशी त्याच दिवशी देऊन टाकली, साड्या धुऊन ठेवल्या. तिला आणली तेव्हा, मांजर प्रेतावरून जाऊ नये म्हणून कोणीतरी त्याला कोठीत कोंडलं होतं. तो आतून दार खरवडत होता, आणि मी ते ऐकत बसले होते. ते डोक्यातून जात नाही.

मीरा_आपटे | २७ जून, दुपारी ४:०५
सावनी, तुझी चूक नाही गं. तुझंही माणूस गेलं आहे.

माऊची_माय | २७ जून, दुपारी ४:१२
तुमच्यावर राग नाही माझा, घाई आहे एवढंच. घरातला तिचा वास एका दिवसात गेला आहे. तिचं न धुतलेलं काही आहे का? ते उदबत्तीपासून लांब, खाटेखाली ठेवा. तिथेच जवळ परातीत कोरडी माती किंवा वाळू ठेवा, म्हणजे शू झाली की कळेल. पण हे सगळं डॉक्टरकडून आल्यावर.

आप्पा_देवगड | २७ जून, संध्याकाळी ७:००
दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर 'बाळग्याला आम्ही सांभाळू' असं सांगा. जाणाऱ्याचा जीव अशाच ठिकाणी अडकतो. आमच्या आजीच्या वेळी गाईचं नाव घेतल्यावर शिवला.

वाचनवेडा | २७ जून, संध्याकाळी ७:२५
आप्पा, इथे मांजराच्या उपचाराचं चाललंय.

आप्पा_देवगड | २७ जून, संध्याकाळी ७:३१
मीही त्याच्याच सोयीचं बोलतोय. रविवारनंतर त्याला कोण बघणार, हे कोणी विचारलं का?

सावनी_म | २७ जून, रात्री १०:१५
पशुवैद्यकीय दवाखाना बंद होता, शेजारच्या दादांच्या ओळखीने डॉक्टर भेटले. मूत्राशय चाचपून बघितलं, भरलंय पण दगडासारखं नाही म्हणाले, रात्रभर बघा, झाली नाही तर सकाळी परत आणा. कातडीखाली सलाईन दिलं, मळमळीचं इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं. आत्या परसात जाताना डोक्याला गुंडाळायची तो टॉवेल मागल्या पडवीत खुंटीवरच राहिला होता. तो खाटेखाली ठेवला. बाळग्याने त्यात तोंड खुपसलं आणि पंजे मारत राहिला, पिल्लू आईला लुचताना मारतं तसे. बाबा दारात उभे होते. काही बोलले नाहीत. छत्री घेऊन बाहेर पडले आणि शेजारच्या काकूंकडून मासे उकडून घेऊन आले. खाडीतले आहेत, नाव मला माहीत नाही. आत्ता पडवीत बसून काटे काढतायत.

दिगू_वेंगुर्लेकर | २७ जून, रात्री १०:२०
ताटली तीच जर्मनची घ्या. आणि बाबांनाच हाक मारू दे, घरातली बोली त्यांच्या तोंडी आहे.

माऊची_माय | २७ जून, रात्री १०:२२
एकदम पोटभर नको. चमचा-दोन चमचे, दर तीन-चार तासांनी. इतक्या उपासानंतर हळूहळूच वाढवायचं. मी जागी आहे.

सावनी_म | २८ जून, पहाटे ५:२०
दोन चमचे रात्री, एक आत्ता. बाबांच्या हातून. पाचला दारात गेला, ओरडला, पण आज बाबा उठून त्याच्याजवळ जाऊन बसले. ते म्हणाले, हे घर बंद करायचं नाही, ते आणि आई गणपतीपर्यंत इथेच राहतील. पुढचं पुढे बघू. रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल.

माऊची_माय | २८ जून, पहाटे ५:२४
शू?

सावनी_म | २८ जून, पहाटे ५:२६
झाली. परातीतल्या वाळूत, मोठा गोळा आहे.