उघड्यावर गाडीचा पातळ पत्रा जोडायचा असेल, तर मशीन कोणते घ्यावे?

चर्चेचा प्रस्ताव : गॅरेजचालक, होटगी रस्ता, सोलापूर

आमच्या गॅरेजची शेड एकच गाडी मावेल एवढी आहे. डेंटिंगचे बाकी सगळे काम कडुनिंबाखाली, उघड्यावर चालते. सध्या एक जुनी जीप दारात उभी आहे. तिच्या दोन्ही दरवाजांचा खालचा वीतभर पत्रा आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली आहे. आजवर असे काम मी बाहेर पाठवत होतो. आता स्वतःचे मशीन घ्यायचे ठरवले आहे आणि पैसे एकाच मशीनपुरते आहेत, म्हणून ही चर्चा सुरू करत आहे.

माझे मत आधीच मांडतो. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्या पत्र्याला गॅसचे मिग मशीन, म्हणजे वायर आपोआप पुढे सोडणारे आणि जोडावर गॅसचे आवरण धरणारे, आपण ज्याला सरसकट सीओटू मशीन म्हणतो ते, ०.६ मिलिमीटरची भरीव वायर आणि आर्गॉन-सीओटूचे मिश्रण हाच योग्य मार्ग आहे. वाऱ्याची अडचण मला मान्य आहे, पण वाऱ्याला आडोसा करता येतो. पत्र्यात शिरलेली जादा उष्णता मात्र काढून घेता येत नाही. पत्रा एकदा लाटेसारखा उठला की हातोडी आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, घेऊन दिवसभर बसावे लागते, आणि तरीही शेवटी पुट्टीचा थर चढतोच.

मशीन पाहताना दुकानात प्रत्येक जण “दोनशे अँपिअरचे आहे” एवढेच सांगतो. आपल्या कामाला वरचा आकडा काहीच उपयोगाचा नाही. ०.८ मिलिमीटर पत्र्याला ३० ते ४० अँपिअर पुरतात, त्यामुळे मशीन खाली किती अँपिअरपर्यंत उतरते आणि तिथे ठिणगी स्थिर राहते का, हे आधी पाहावे असे माझे म्हणणे आहे. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी मोकळेपणाने विरोध करावा.

प्रतिसाद : फिरते वेल्डिंग काम करणारा, बार्शी रस्ता

आपला मुद्दा कागदावर बरोबर आहे, पण आपण सोलापुरात आणि उघड्यावर काम करणार आहात, हे आपल्याच प्रस्तावात मागे पडले आहे. मृग लागला की आपल्याकडे दिवसभर वारा थांबत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर धुळीसकट वावटळ उठते. मिगच्या नोझलमधून येणारा गॅस म्हणजे वितळलेल्या धातूच्या रसावरचे एक नाजूक झाकण असते. ते उडाले की शिवणीत स्पंजासारखी छिद्रे पडतात आणि वर रंग दिला तरी तिथूनच पुन्हा गंज फुटतो.

मी गेली आठ वर्षे गॅसविरहित वायर वापरतो. तिच्या पोटात भरलेला फ्लक्स, म्हणजे संरक्षक भुकटी, जळून स्वतःच संरक्षक धूर तयार करतो, वर मळीचा थर बसतो, आणि वारा असला तरी काम अडत नाही. सिलिंडर नाही, रेग्युलेटर नाही, भरून आणण्याची खेप नाही. ऐन कामात शनिवारी संध्याकाळी गॅस संपला आणि गिऱ्हाईक रविवारी गाडी न्यायला आले, असा प्रसंग माझ्यावर एकदा आला होता; त्यानंतर मी सिलिंडरच्या वाटेला गेलो नाही. मशीन, वायरचे एक किलोचे रीळ आणि ग्राइंडर एवढे सामान मोटारसायकलवर मावते. टेम्पोचे हौदे, उसाच्या ट्रॉल्या, शाळेच्या बसच्या पायऱ्या ही सगळी कामे मी यावरच केली आहेत. ज्याला छप्पर नाही त्याने आडोशाच्या भरवशावर मशीन घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

उत्तर : गॅरेजचालक, होटगी रस्ता

आपण सांगितलेली कामे मी पाहिली आहेत आणि ती पक्की असतात याबद्दल शंका नाही. पण ट्रॉलीचा पत्रा आणि दरवाजाचा पत्रा एका मापाने मोजता येणार नाही. ट्रॉलीला तीन-चार मिलिमीटरचा पत्रा असतो. तो उष्णता पिऊन घेतो. मशीन बनवणाऱ्यांच्या तक्त्यांतसुद्धा गॅसविरहित वायरीसाठी किमान जाडी साधारणपणे १.२ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते, तर बारीक भरीव वायरीसाठी ती ०.६ मिलिमीटरपर्यंत खाली येते. पोकळ वायरीत सगळा प्रवाह बाहेरच्या पातळ नळीतून जातो, आणि बाजारात ती सहसा ०.८ मिलिमीटरपेक्षा बारीक मिळत नाही. ठिणगी टिकवायची तर प्रवाह वाढवावा लागतो, आणि प्रवाह वाढवला की पत्र्याला भोक पडते. भोक बुजवायला पुन्हा तिथेच वायर सोडावी लागते, आणि वाटाण्याएवढ्या भोकाचे बघता बघता रुपयाएवढे होते.

वाऱ्याबद्दल माझा अंदाज असा आहे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या पोलादी बांधकामाच्या संहितेत गॅसच्या संरक्षणाखालील वेल्डिंगसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी ८ किलोमीटर दिली आहे. हा वेग मोजायला यंत्र लागत नाही. कडुनिंबाची पाने सळसळू लागली आणि वारा गालाला जाणवला, की आपण त्या मर्यादेच्या आसपास आहोत असे समजावे. तेवढ्या वाऱ्याला गाडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला लोखंडी चौकटीवर ताणून बांधलेली जाड ताडपत्री पुरते. फक्त ती ठिणग्यांपासून हातभर लांब हवी. अनेक जण वारा सुटला की रेग्युलेटर पूर्ण उघडतात, ते मात्र चूक आहे. मिनिटाला १० ते १५ लिटरच्या जागी २५ लिटर सोडले, तर गॅस भोवरा करून बाहेरची हवाच आत ओढतो.

प्रतिसाद : ज्येष्ठ डेंटर, विजापूर वेस

तुम्ही दोघेही तरुण आहात, म्हणून तुमची चर्चा मशीनपाशीच थांबली आहे. मी चाळीस वर्षे गॅस वेल्डिंगवर, म्हणजे ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीवर, पत्रा जोडला आहे आणि तोही बहुतेक उघड्यावर. वाऱ्याने ज्योत थोडी हलते, पण काम थांबत नाही. वीज गेली तरी काम थांबत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ज्योतीने केलेली शिवण मऊ राहते. ती तापलेली असतानाच खाली डॉली धरून वरून हलक्या हाताने ठोकली की पत्र्यात मिसळून जाते, पुट्टी जवळजवळ लागतच नाही. मिगचा टाका काचेसारखा कडक होतो. त्यावर हातोडी मारली तर शेजारचा पत्रा दबतो आणि टाका तसाच उभा राहतो. मग तो ग्राइंडरने घासावा लागतो आणि घासताना मूळ पत्राही पातळ होतो.

माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना मी एकच सांगत असे, की ज्योत समतोल ठेवा, नोझल लहान घ्या आणि एका जागी थांबू नका. ज्याला रस ओळखता येतो, त्याला कोणतेही मशीन चालते. ज्याला तो ओळखता येत नाही, त्याने महागडे मशीन घेतल्याने काम सुधारणार नाही.

प्रतिसाद : निवृत्त वेल्डिंग निदेशक

डेंटर मिस्त्रींच्या हातातील कौशल्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि शिवण ठोकून मिळवण्याविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. तरीही आजच्या गाड्यांसाठी ज्योत सुचवणे मला धोक्याचे वाटते. जुन्या जीपचा पत्रा साध्या मऊ पोलादाचा असतो, तिथे ज्योत चालते. पण नव्या गाड्यांचे दरवाजांमधले खांब आणि दरवाजाखालची पेटीसारखी चौकट अधिक ताकदीच्या पोलादाची असते, आणि ज्योतीने वीतभर भाग लाल झाला की ती ताकद निघून जाते. बाहेरून काही दिसत नाही. अपघाताच्या वेळी मात्र तो भाग आधी दुमडतो. शिवाय जिथे पूर्वी पितळ लावून जोड दिलेला आहे, तिथे नंतर मिगचा टाका नीट धरत नाही, तडकतो. तेवढा तुकडा कापूनच काढावा लागतो. गॅरेजचालकांनी जीपचा पत्रा कापण्यापूर्वी हे जरूर तपासावे, कारण जुन्या जीपवर पितळेचे डाग हमखास सापडतात.

गॅसविरहित वायर वापरणाऱ्या बंधूंना एक प्रश्न विचारतो. आपण मशीनची ध्रुवता बदलली आहे का? गॅस आणि भरीव वायर असेल तेव्हा टॉर्च, म्हणजे हातात धरून वायर सोडायची बंदूक, धन टोकाला असते. गॅसविरहित वायरीला ती ऋण टोकाला हवी. मशीनच्या दाराआड दोन टोकांची जोडणी अदलाबदल करण्याची सोय असते, आणि माझ्या पाहण्यात अर्ध्याहून अधिक लोकांनी ते दार रीळ घालण्यापलीकडे कधी वापरलेलेच नसते. चुकीच्या ध्रुवतेवर शिंतोडे फार उडतात, शिवणीचा मणी वर फुगून बसतो आणि माणूस वायरीला दोष देत राहतो.

आता विजेविषयी. पातळ पत्र्याच्या कामाला मशीन फार थोडी वीज घेते, त्यामुळे साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ते निभते. मात्र शेडपासून झाडापर्यंत बारीक वायर ओढली आणि उरलेली गुंडाळीतच ठेवली, तर गुंडाळी तापते, व्होल्टेज पडते आणि वायर रसात विरघळण्याऐवजी पत्र्यावर टकटक आपटू लागते. चांगल्या जाडीची तांब्याची केबल घ्यावी आणि पूर्ण उलगडून वापरावी. मशीनवर लिहिलेली सलग चालण्याची टक्केवारी दहा मिनिटांच्या हिशेबाने आणि ४० अंश तापमान गृहीत धरून दिलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच पारा त्याच्या वर जातो. मशीन उन्हात ठेवून ते वारंवार बंद पडते अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. माणसापेक्षा आधी मशीनला सावली द्यावी.

प्रतिसाद : फिरते वेल्डिंग काम करणारा, बार्शी रस्ता

निदेशक साहेब, आपला प्रश्न वाचून मी मशीनचे दार उघडून पाहिले. टॉर्च धन टोकालाच होती. आठ वर्षे मी तसेच काम केले, हे येथे लिहिताना वाईट वाटते, पण लपवण्यासारखे त्यात काही नाही. जोडणी बदलल्यावर शिंतोडे निम्म्याने कमी झाले. तरीही माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. ताडपत्री, चौकट, सिलिंडर, रेग्युलेटर, मिश्र गॅस हे सगळे जमवणाऱ्या माणसाला आपण उघड्यावर काम करणारा म्हणत नाही, त्याने उघड्यावर खोली उभी केलेली असते. ज्याला गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन काम करायचे आहे त्याने काय करावे, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

उत्तर : गॅरेजचालक, होटगी रस्ता

आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर मी शब्दांनी देऊ शकत नव्हतो, म्हणून रविवारी आम्ही दोघांनी भंगारातल्या एका मडगार्डावर प्रत्यक्ष काम करून पाहिले. मिगचे मशीन मी एका मित्राकडून आणले होते. रंग आणि गंज दोन्ही बाजूंनी घासून पत्रा चकचकीत केला, दोन कडांमध्ये कटिंगच्या पातळ चकतीएवढी फट ठेवली, आणि मागे तांब्याची जुनी नळी ठोकून चपटी करून दाबून धरली. तांब्याला पोलाद चिकटत नाही आणि ते उष्णता ओढून घेते, त्यामुळे भोक पडण्याची भीती फार कमी होते. इंचा-इंचावर एकेक टाका, मग मधल्या जागी, आणि प्रत्येक वेळी आधीच्या टाक्याला बोट लावता येईल इतका थंड झाल्याशिवाय पुढचा टाका नाही, असा क्रम दोघांनीही पाळला.

सकाळी सात वाजता वारा पडलेला होता. ०.६ च्या वायरीने ३५ अँपिअरवर केलेली वीतभर शिवण हात फिरवला तरी जेमतेम जाणवत होती, मागून तिचा बारीक मणी सलग उतरला होता. गॅसविरहित वायरीने, जोडणी बदललेली असूनही, तेवढ्याच लांबीत तीन ठिकाणी भोक पडले, आणि मळी खरवडून काढल्यावर पत्रा मधोमध खोलगट झालेला दिसला. साडेअकराच्या सुमारास झाड हलू लागले. ताडपत्रीशिवाय केलेला माझा जोड व्हाइसमध्ये वाकवला तेव्हा शिवणीवरच तुटला आणि आत मुंगीच्या वारुळासारखी छिद्रे निघाली. फिरत्या वेल्डिंगवाल्या बंधूंचा गॅसविरहित वायरीचा जोड वाकला, पण तुटला नाही. ताडपत्री बांधून केलेला माझा दुसरा जोड मात्र टिकला.

मिस्त्रींच्या म्हणण्याचाही पडताळा आला. मिगचा टाका ठोकून सपाट झाला नाही, तो घासावाच लागला. म्हणून दरवाजाच्या डोळ्यासमोरच्या भागाची शिवण मी त्यांच्याकडून ज्योतीवर करून घेणार आहे. त्यांनी होकार दिला आहे.

मी घेत असलेले मशीन ३० अँपिअरपर्यंत खाली उतरते आणि त्याची ध्रुवता बदलता येते. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या दारात जाड कंस किंवा पायरी जोडायची झाली, तर त्याच मशीनमध्ये गॅसविरहित वायर घालता येईल. पातळ पत्र्याची गाडी मात्र कडुनिंबाखाली, सकाळी सहा ते नऊच्या दरम्यानच घेईन.

प्रतिसाद : निवृत्त वेल्डिंग निदेशक

जीपला हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढावी, आतील गालिचा आणि फोम उचलावा, आणि इंधनाची टाकी कुठे येते ते पाहून पाण्याची बादली व अग्निशामक जवळ ठेवावा. बदलीचा पत्रा जस्ताचा मुलामा असलेला असेल तर कडेचा मुलामा दोन बोटे घासून काढावा. जळत्या जस्ताचा धूर श्वासात गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. अर्थचा चिमटा शिवणीपासून वीतभर अंतरावर, घासलेल्या पत्र्यावरच लावा, रंगावर लावू नका.