मदत हवी: चंद्रतालचं पाणलोट काढताना अख्खी चंद्रा नदीच आत येते

नमस्कार मंडळी,

गेल्या सप्टेंबरात हिमाचलमधल्या स्पितीला जाऊन आलो, तेव्हापासून तिथल्या चंद्रताल या तलावाचा नकाशा स्वतः काढायचं खूळ डोक्यात आहे. तलाव, त्यातून निघणारा ओढा आणि त्यांना पाणी देणारा डोंगरउतार (म्हणजे पाणलोट), एवढाच. (शेजारून वाहणारी चंद्रा नदीच पुढे तांदीला भागा नदीला मिळून चंद्रभागा होते, हे ऐकून आईने तिथूनच हात जोडले.) क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर घरीच शिकलोय, चूक बाळबोध असेल तर हसा, पण सांगा.

एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीचा डीईएम (म्हणजे 30 मीटरच्या चौकटींमध्ये जमिनीची उंची देणारा डेटा) घेतला, यूटीएम 43 उत्तर झोनमध्ये (त्या भागाच्या नकाशा-प्रक्षेपणात) आणला, त्यातले खड्डे भरले, प्रवाहाची दिशा आणि संचय (कुठल्या चौकटीत वरच्या किती चौकटींचं पाणी येतं) काढला. मग तलावाच्या मुखाशी मोबाइलवर घेतलेला बिंदू टाकला. बूट काढून ओढ्यात उभं राहून घेतलाय तो. पाणी घोट्याएवढं, पण पाय लगेच बधिर.

बिंदू कुठल्याच प्रवाहावर बसेना, म्हणून 2 किलोमीटरच्या परिघात स्नॅप केला, म्हणजे सॉफ्टवेअरला तो जवळच्या प्रवाहावर सरकवू दिला. आणि पाणलोट आलं शेकडो चौरस किलोमीटरचं! बारालाचा खिंडीकडून येणारी चंद्रा सगळी आत. तलाव जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर. शिवाय 10 मीटर अंतराच्या कंटूर (समान उंचीच्या) रेषा करवतीसारख्या दातेरी येतात. काय करू?

प्रतिसाद १:
घोळ स्नॅपमध्येच आहे. सर्वांत जास्त संचयाची चौकट शोधायला सांगितलीत, ती टेकाडापलीकडच्या चंद्रेवरच सापडणार. प्रवाह दाखवायला लागणारी संचयाची किमान मर्यादा खूप खाली आणा, ओढा दिसू लागेल. मग बिंदू हातानेच त्या रेषेवर ठेवा, स्नॅप नकोच. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी 2000ची, तेव्हा तिथे सगळं बर्फाखाली. कोपर्निकस जीएलओ-30 हा दुसरा डीईएम घेऊन पाहा. 30 मीटरच्या डेटातून 10 मीटरचे कंटूर ओढू नका; 40 ठेवा, फार तर 20.

आणि खड्डे सरसकट भरू नका. हिमनदीने टाकलेल्या दगडगोट्यांच्या मुलखात काही खड्डे खरेच असतात, पाणी खालून झिरपतं. तलावात वरून येणारा ओढा दिसला का तुम्हाला?

धागाकर्ता:
मर्यादा खाली आणल्यावर ओढा दिसला, चंद्रा बाहेर गेली. आभार! वरून येणारा ओढा मात्र नाही दिसला. सगळा काठ फिरलो, एका ठिकाणी फक्त ओली हिरवळ होती, बूट रुतत होते. तिथला बिंदू घ्यायचा राहिला.