टीना लेसरचा जुना ड्रेस मिळालाय, नेमका कधीचा ते कसं शोधायचं?

सुईदोरा: नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असते, इथल्या एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं जुनं सामान विकतात तो सेल) चौकड्यांचा कॉटन ड्रेस मिळाला, गळ्याच्या आत लेबल आहे ‘टीना लेसर ओरिजिनल’. घेतला तो पुढच्या निऱ्यांमुळे, कमरेपासून अशा सोडल्यात की बघताक्षणी धोतरच आठवलं. नेटवर शोधलं तर एवढंच कळलं की या फॅशन डिझायनर बाई १९१० साली फिलाडेल्फियात जन्मल्या, होनोलुलूत दुकान होतं, मग न्यूयॉर्कला आल्या, पण ड्रेस चाळीसच्या दशकातला की साठच्या हे कसं ठरवू? विकायचा नाहीये, नीट माहिती लिहून जपून ठेवायचाय.

उलटीबाजू: अरे वा, नशीबवान आहात! लेसरबाईंना १९४५ साली कोटी (Coty) हे फॅशनमधलं अवॉर्ड मिळालं होतं, अमेरिकन स्पोर्ट्सवेअरमधलं, म्हणजे रोजच्या सुटसुटीत कपड्यांमधलं, मोठं नाव, आणि सारोंग, धोतर, साडी यांच्या नेसण्यातून त्यांनी बरंच घेतलं, त्यामुळे निऱ्यांचं तुम्हाला जे वाटलं ते बरोबरच आहे. आज आपल्याकडे कुणालाच नाव माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं. असो, नुसत्या गळ्याच्या लेबलवरून साल ठरवू नका, ड्रेस उलटा करा आणि शिवणी बघा. बाजूच्या शिवणीत आयएलजीडब्ल्यूयू या कामगार युनियनचं छोटं लेबल असू शकतं, त्यावर एएफएल-सीआयओ असं जोडून लिहिलं असेल तर ड्रेस १९५५ च्या डिसेंबरआधीचा असूच शकत नाही, कारण एएफएल आणि सीआयओ हे अमेरिकेतले दोन कामगार महासंघ तेव्हाच एकत्र आले. नुसतं एएफएल असेल तर बहुतेक त्याआधीचा. दुसरं म्हणजे कापड कशाचं आहे हे छापायची सक्ती अमेरिकेत १९६० पासून आली आणि धुण्याच्या सूचनांची १९७२ पासून, ही दोन्ही लेबलं नसतील तर तारीख मागे सरकते (कुणी कापून टाकली असतील तर टाक्यांची भोकं दिसतात, तेवढं बघा). चेन कुठे आहे आणि कशाची आहे तेही सांगा.

सुईदोरा: बघितलं! डाव्या बाजूला धातूची चेन, युनियनचं लेबल आहे आणि त्यावर नुसतं एएफएल, बाकी काहीच नाही, भोकंही नाहीत.

उलटीबाजू: मग १९५५ च्या आतलाच धरा. बाजूची धातूची चेनही चाळीस ते पन्नासच्या सुरुवातीला जुळते, पुढे ती हळूहळू पाठीवर गेली. आता न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियमच्या साइटवर लेसरचे कपडे बघा, ब्रुकलिन म्युझियमचा कपड्यांचा संग्रहही २००९ मध्ये तिकडेच गेला, पण खरा खजिना जुन्या वर्तमानपत्रांत आहे. मोठी दुकानं तेव्हा चित्र, कापड, रंग, किंमत सगळं जाहिरातीत द्यायची, म्हणून नुसतं डिझायनरचं नाव टाकू नका, नावासोबत ‘मद्रास’ (मद्रासकडचं चौकड्यांचं सुती कापड), ‘प्लेड’ (चौकडी) असे शब्दही टाकून शोधा. लायब्ररीच्या कार्डावर असे आर्काइव्ह बऱ्याचदा फुकट मिळतात. आणि हो, १९४३ पासून पन्नासच्या सुरुवातीपर्यंत लेसरबाई एडविन फोरमन कंपनीसाठी डिझाइन करायच्या, त्या नावानेही शोधा.

मागावरची: ताई, मी पुण्यात टेक्स्टाइल शिकवते, कापडाबद्दल थोडं सांगते. चौकडी छापील आहे की विणलेली ते आधी बघा, दोन्ही बाजूंनी रंग सारखाच गडद असेल तर सूत आधी रंगवून मग विणलंय. एखादा सुटा धागा मिळाला तर भिंगाखाली धरा, हातमागाच्या जुन्या मद्रासमध्ये सूत मध्येच जाड मध्येच बारीक असतं आणि त्या गाठींनीच कापडाला जिवंतपणा येतो. आणि कृपा करून लगेच धुवायला टाकू नका!! जुन्या मद्रासचा रंग जायचा, पन्नास-साठच्या दशकात अमेरिकेत ‘ब्लीडिंग मद्रास’ म्हणून तेच कौतुकाने विकलं गेलं, पण एवढ्या जुन्या कपड्यावर एक धुणंसुद्धा भारी पडेल. पांढरा सुती रुमाल गार पाण्यात पिळून मुंढ्याच्या आतल्या मार्जिनवर मिनिटभर दाबून धरा, रंग उतरला तर पाणी लावूच नका, नुसता हवेवर टाकायचा, उन्हात नाही. हँगरलाही लावू नका, निऱ्यांच्या वजनाने खांद्याची शिवण उसवते, आडवा ठेवा आणि घडीत पांढरं मऊ सुती कापड घाला.

सुईदोरा: रुमालावर लाल उतरला, अगदी थोडा पण उतरला. धुणं रद्द. रविवारी लायब्ररीत जातेय.

मागावरची: उत्तम. जायच्या आधी बाजूच्या शिवणीतली मार्जिन दोन्हीकडे मोजा, एकीकडे कमी-जास्त असेल तर नंतर कुणीतरी ड्रेस आत घेतलाय, मग जाहिरातीतल्या चित्राशी ताडून बघताना कमरेचा घेर जुळणार नाही.