मदत हवी आहे: नोकरी न सोडता पायी नर्मदा परिक्रमेसाठी रजेचं कसं जमवावं?

शिवणेकर: पुण्यात खासगी नोकरी, घराचा हप्ता चालू, मुलगी सहावीत. हक्काची रजा ४५ दिवस शिल्लक. राजीनामा द्यायचा नाही. सलग किती महिने लागतील? रजा मागताना काय सांभाळावं?

रेवातीर: साडेचार महिने धरा. नदी १३१२ किमी, दोन्ही तट मिळून २६०० च्या वर. रोज २५ किमी चाललात तरी नुसत्या चालण्याचेच १०५ दिवस. ताप, सुजलेले पाय, शिवाय नदीच्या मुखाशी दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून समुद्रातून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला जाणारी नाव भरतीवर सुटते, तिची वाट पाहणं आलंच. परतीचं तिकीट आधी काढू नका. बुडालेले दिवस भरून काढायला लोक रोज ३५ किमी ओढतात आणि गुडघे धरतात. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघालात तर फाल्गुनात पोचता, पुढचं ऊन टळतं.

हिशेबनीस: अर्ज वर्षभर आधी, लेखी. हक्काची रजा आधी संपवून पुढे बिनपगारी मिळेल का, शनिवार-रविवार रजेत धरणार का, बिनपगारी काळात आरोग्य विमा चालू राहील का, हे एचआरकडून ईमेलवर घ्या. तोंडी होकारावर निघू नका. मंजूर रजेने ग्रॅच्युइटीची सलग सेवा तुटत नाही, राजीनाम्याने तुटते. हप्त्याच्या खात्यात बिनपगारी महिन्यांचे हप्ते अधिक एक जादा ठेवून निघा. ओटीपीचा नंबर बंद पडू देऊ नका.

शिवणेकर: बिनपगारी रजा नाहीच मिळाली तर?

रेवातीर: मग खंड परिक्रमा, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी. जिथे थांबलात तिथूनच पुढे सुरुवात, मैया (नर्मदा) उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. म्हणून थांबायची जागा नीट निवडा. पहिला खंड ओंकारेश्वर ते अंकलेश्वर, साधारण महिना. भरूचपर्यंत जाऊ नका, ते उत्तर तटावर आहे आणि मुंबईची गाडी पुलावरून मैया ओलांडते; अंकलेश्वर दक्षिण तटावर. दुसरा अंकलेश्वर ते उगमाचं अमरकंटक, यात नाव आणि पूर्ण उत्तर तट, दोन महिने तरी हवेत. अमरकंटकहून पेंड्रा रोड, बिलासपूर, नागपूर असं परतता येतं. तिसरा अमरकंटक ते ओंकारेश्वर, तुमच्या ४५ दिवसांत बसतो. अडचण फक्त मधल्या खंडाची, त्यासाठी दोन वर्षांची रजा साठवा. दरवर्षी किती रजा पुढे ओढता येते तेवढं आधी विचारा, नाहीतर मार्चअखेर वाया जाईल.

हिशेबनीस: केंद्र सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठी: अर्जित रजा दर सहामाहीला १५ दिवस जमा होते आणि एका वेळी १८० दिवसांपर्यंत मंजूर होऊ शकते. चार वर्षं साठवली तर चार महिने पगारी होतात.