५५ इंची टीव्ही, भाड्याचं घर... स्टँड कसला घ्यावा?

डोंबिवलीची_मी
नमस्कार मंडळी, घेऊ घेऊ म्हणत शेवटी ५५ इंची टीव्ही घेतला. आधीचा ३२ होता आणि तो ज्या टेबलावर असायचा ते ४२ इंच लांब आहे, त्यामुळे नवीन टीव्ही सध्या खोक्यातच भिंतीला टेकून उभा आहे आणि लेक (अडीच वर्षं) रोज त्या खोक्यावर क्रेयॉनने काहीतरी काढते. घर भाड्याचं, मालकांनी भिंतीला चार भोकं पाडायची नाहीत असं आधीच सांगितलंय. रेडिमेड घेऊ की सुताराकडून करून घेऊ? सासऱ्यांचं म्हणणं गावचं सागवानी शोकेस आणा, पण त्याचा टीव्हीचा खण जुन्या २१ इंची डब्ब्याच्या मापाचा आहे, त्यात हा आडवा तिडवा कसाही बसायचा नाही!

पक्कड_पाना
५५ इंच हे तिरकं माप, रुंदी ४८ इंचच भरते. पण खरी मेख पायांत आहे ताई. हल्लीच्या टीव्हींचे पाय बहुतेक दोन टोकांना असतात. मॅन्युअलमधे त्या दोन पायांमधलं अंतर दिलेलं असतं ते आधी बघा आणि मगच दुकानात जा, मी न बघता गेलो आणि स्टँड घरी आल्यावर एक पाय हवेत. शेवटी खाली पाट ठेवला, सहा महिने तसंच चाललं.

रत्नांग्रीचा_पाऊस
रेडिमेडमधे 'इंजिनियर्ड वूड' लिहिलेलं दिसलं की आत काय आहे ते विचारा. स्वस्तातल्यात बहुतेक पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेला भुसा. आमच्याकडे दुसऱ्याच पावसाळ्यात खालची कड पुरीसारखी फुगली, कारण फरशी पुसताना रोज पाणी लागायचं. शिवाय भाड्याचं घर म्हणजे आज ना उद्या हलवाहलव आलीच, आणि भुशातला स्क्रू एकदा काढला की परत तसा घट्ट बसत नाही. सुताराकडून करणार असाल तर प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा. 'एमआर' वाल्याला लोक वॉटरप्रूफ समजतात, तो फक्त दमट हवा सोसतो. खाली पाच-सहा इंचाचे पाय लावा, झाडू-पोछा आत जायला हवा, नाहीतर मागे झुरळांचं संमेलन.

खाटेवरचा_कुंभकर्ण
खोक्यावरच ठेवा की, लेकीने सजवलंय ना 😀

विटा_सिमेंट
मालक ऐकले तरी भिंतीवर टांगायच्या आधी भिंत कसली ते बघा. नवीन बिल्डिंगांत बऱ्याचदा सिपोरेक्स, म्हणजे हलके सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक असतात, ड्रिल केलं की पांढरट भुकटी पडते आणि साधा प्लग त्यात सैल होतो. तुमच्या केसमधे स्टँडच बरा. उंची २०-२२ इंच पुरे, सोफ्यावर बसल्यावर डोळे साधारण ४० इंचावर येतात, टीव्हीचा मध्य तिथेच आसपास हवा. लोक कमरेएवढं युनिट करतात आणि मग मान दुखते म्हणून डॉक्टरकडे जातात.
आणि लेक अडीच वर्षांची आहे म्हणून सांगतो, टीव्ही पट्ट्याने बांधा. मुलं स्टँडच्या ड्रॉवरवर पाय देऊन चढतात. टीव्हीच्या मागे वॉल माउंटची भोकं असतात, त्यातून पट्टा घेऊन युनिटच्याच पाठीला आवळायचा, भिंतीला हातही लागत नाही. युनिट मात्र जड आणि बैठं हवं, आणि ड्रॉवरला लॉक.

डोंबिवलीची_मी
सगळ्यांना धन्यवाद! मॅन्युअल काढलं, पायांमधलं अंतर साडेचव्वेचाळीस, म्हणजे जुनं टेबल बादच. सुताराला विचारलं तर तो म्हणतो पाच फुटी, शटर एकाच बाजूला ठेवलं तर प्लायच्या ८ बाय ४ फुटी एका शीटमधे बसवतो. सेट टॉप बॉक्स शटरच्या आत ठेवला तर चालेल ना? लेकीचा हात पोचत नाही म्हणून विचारतेय.

पक्कड_पाना
लाकडी शटरच्या आड रिमोट चालत नाही हो, दरवेळी उठून दार उघडावं लागेल. काचेचं शटर करा किंवा जाळी, आणि पाठीला हवेसाठी व वायरींसाठी भोक सुतार असतानाच पाडून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.