मदत हवी आहे: प्रेअरी डॉगला मराठीत काय म्हणावं?

लहान मुलांसाठी एक सचित्र पुस्तिका लिहितेय. विषय आहे उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला काळ्या शेपटीचा प्रेअरी डॉग. नावापाशीच गाडं अडलंय. 'गवताळ कुत्रा' लिहिलं तर मुलं चित्रात कुत्रा शोधत बसतील. प्राणी खारीच्या कुळातला, वजन साधारण किलोभर. भुंकल्यासारखा ओरडतो, म्हणून 'डॉग'. 'घूस' म्हणावं तर डोळ्यांपुढे भलतंच येतं.

दुसरी अडचण वस्तीची. इंग्रजीत अख्ख्या वसाहतीला टाउन, तिच्या भागांना वॉर्ड आणि एकेका कुटुंबाला कोटरी म्हणतात. मी गाव, आळी, घर असं केलंय. 'घर'ऐवजी आधी 'भावकी' सुचलं होतं, पण ते साफ उलटं झालं असतं. इथे लेकी सहसा माहेरीच राहतात, आई-मावश्या-बहिणींसोबत. मुलगे मोठे झाले की बाहेर पडतात. घरातला कर्ता नर बाहेरून आलेला, म्हणजे चक्क घरजावई! (हा शब्द घालायचा मोह आवरत नाहीये.)

तिसरं, बिळाची हवा. एका तोंडाशी मातीचा बसका ढिगारा, दुसऱ्याशी ज्वालामुखीसारखा उंच काठ. उंच काठावरून वारा जोरात जातो, तिथला दाब कमी होतो आणि बसक्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. हे आठ वर्षांच्या मुलाला 'दाब' शब्द न वापरता कसं सांगू?

प्रतिसाद १
नावाचा प्रश्न अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांनाही पडला होता. १८०४ मध्ये त्यांच्या माणसांनी बिळात पाणी ओतओतून एक पकडला आणि पुढच्या वर्षी जिवंत राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे धाडला. लुईस त्याला 'भुंकणारी खार' म्हणायचा. तुम्ही 'भुंकरी खार' करून टाका. हवेसाठी धुराडं दाखवा. फक्त इथे धुराऐवजी कोंदट हवा वर जाते.

प्रतिसाद २
भुंकरी खारीला +१. एक सावधगिरी: 'थंडीभर झोपून राहतात' असं लिहू नका. ते पांढऱ्या शेपटीवाल्यांचं. काळ्या शेपटीवाले हिवाळ्यातही बाहेर येतात. आणि उंच गवत ते नुसतं पोटासाठी कापत नाहीत, शत्रू लांबून दिसावा म्हणूनही कापतात. तिथे फुटणारं कोवळं गवत खायला बायसन (तिकडचे रानगवे) येतात. काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबोडका शिकारी प्राणी) तर यांच्याच बिळात राहतो आणि यांनाच खातो. प्लेगने गाव ओस पडलं की त्याचाही घास गेला. हे पान गाळू नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. भुंकरी खार पक्की, धुराडंही. फेरेटला एक पान देते. आता एकच राहिलं. मागच्या पायांवर ताठ उभं राहून, पुढचे पाय वर फेकत, मान मागे टाकून एक जण ओरडतो आणि बघता बघता गावभर तेच सुरू होतं. त्याला 'उडतहाळी' म्हटलं तर?