चवथीच्या दिवसांत कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवून प्रशिक्षणही तिथेच द्यावे का?

बारदेशकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही म्हापशात राहतो आणि आमचे मूळ घर सत्तरी तालुक्यात आहे. तिथे सात दिवसांचा गणपती असतो, आणि यंदा चवथीला लागूनच वडिलांची शस्त्रक्रिया बांबोळीला ठरली असल्याने म्हापशाचे घर सुमारे तीन आठवडे बंद राहणार आहे. आमचा कुत्रा सव्वा वर्षाचा नर असून त्याची आई गावठी आणि बाप लॅब्राडॉर आहे. त्याला मूळ घरी नेता येत नाही. चवथीला तिथे माणसांची सतत ये-जा असते, दारे दिवसभर उघडी असतात आणि आरतीनंतर फटाके वाजतात, ज्यांची त्याला विलक्षण भीती आहे.

एका केनेलने तीन आठवड्यांच्या मुक्कामात संपूर्ण प्रशिक्षण देण्याची हमी दिली आहे. आमच्या तक्रारी दोनच आहेत. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा हॉर्न ऐकू आला की तो फाटकावर धावून जातो आणि पोदेर वाड्याबाहेर (वस्तीबाहेर) जाईपर्यंत भुंकत राहतो, आणि फिरायला नेले की पट्टा इतका ओढतो की आईला त्याला धरणे अशक्य होते. केनेलची अट अशी आहे की पहिले दहा दिवस भेटायला यायचे नाही. कुत्रे जिथे राहतात तो भागही ते दाखवत नाहीत, कारण परके माणूस दिसल्यावर बाकीचे कुत्रे बिथरतात, असे त्यांचे म्हणणे आहे. ही पद्धत सर्वत्र अशीच असते का? आमचा कुत्रा भात आणि उकडलेला बांगडा खातो, केनेलमध्ये मात्र कोरडे खाद्य देतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पेडण्याची (उत्तर)

ताई, मी पेडणे तालुक्यातील एका केनेलमध्ये कुत्र्यांची देखभाल आणि प्रशिक्षण अशी दोन्ही कामे करते, म्हणून आतली बाजू सविस्तर लिहिते. कुत्र्याला सुखरूप सांभाळणे ही एक सेवा आहे आणि त्याला शिकवणे ही दुसरी. पहिलीची खात्री पटेपर्यंत दुसरीबद्दल बोलणीच करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात वाढलेला कुत्रा केनेलमध्ये आला की सुरुवातीचे काही दिवस तो शिकण्याच्या मनःस्थितीत नसतो. कोणी अन्नाला तोंड लावत नाही, कोणी पुढचे पंजे चाटत बसतो, कोणी फाटकाशी कान टवकारून प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत राहतो. या दिवसांत आमचे काम म्हणजे त्याची वेळापत्रकाशी आणि आमच्या वासाशी ओळख करून देणे. सकाळी उजाडताच एकेकाला बाहेर सोडतो, शी कशी झाली ते पाहतो, मग खोली धुतो. प्रत्येक खोलीच्या दारावर एक कागद लावलेला असतो आणि त्यावर किती खाल्ले, किती पाणी प्याला, जुलाब किंवा उलटी झाली का, लंगडतो आहे का, हे त्या त्या वेळी लिहिले जाते. आपण केनेल पाहायला जाल तेव्हा असा कागद मागून पाहा. तो रोजच्या रोज भरलेला असेल, तर तिथे कुत्र्याकडे कोणीतरी खरोखर लक्ष देत आहे, असे समजायला हरकत नाही.

शिकवणी दिवसातून दोन-तीन वेळा आणि प्रत्येक वेळी पाच ते दहा मिनिटे एवढीच असते. त्याहून जास्त वेळ कुत्र्याचे लक्ष टिकत नाही. खाऊन झाल्यावर तासभर तरी धावपळ करू देत नाही, कारण मोठ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो. दुपारी सगळे झोपतात. कुत्रा दिवसाचा बराचसा भाग झोपेत घालवतो आणि ती झोप त्याला मिळालीच पाहिजे. दिवसभर खेळ, दिवसभर ट्रेनिंग अशी जाहिरात दिसली तर मी आधी विचारीन, मग कुत्रे झोपतात केव्हा?

आता हमीविषयी. कुत्रा जे शिकतो ते त्या जागेसकट आणि शिकवणाऱ्या माणसासकट शिकतो. माझ्याबरोबर पट्टा सैल ठेवून चालणारा कुत्रा मालकाच्या हाती गेल्यावर पहिल्याच वळणावर ओढू लागतो, हे मी वारंवार पाहिले आहे, आणि त्यात कुत्र्याची काहीच चूक नसते. त्याच्या दृष्टीने तो नियम माझ्याशी बांधलेला असतो. पोदेराचे तर त्याहून अवघड आहे. भुंकणे होते ते आपल्या फाटकावर, आपल्या वाड्यात, त्या ठरावीक वेळी. भुंकल्यावर पोदेर निघून जातो, त्यामुळे आपण त्याला हाकलले अशी कुत्र्याची रोज नव्याने खात्री पटते. हे केनेलच्या आवारात सोडवता येत नाही. तिथे पट्ट्यावर चालणे, हाक मारल्यावर येणे आणि गादीवर शांत बसणे यांचा पाया घालता येतो. पुढचे शिक्षण आपल्या दारात, आपल्या आईच्या हातून व्हावे लागते. म्हणून घरच्या माणसांना किती वेळा बोलावून शिकवणार आणि नंतर घरी येऊन दाखवणार का, हे आधी लेखी ठरवून घ्यावे.

दहा दिवस न भेटण्यात थोडे तथ्य आहे. मालक येऊन परत गेल्यावर काही कुत्रे पुन्हा अस्वस्थ होतात. मात्र तेवढ्या कारणासाठी रोजचा व्हिडिओ नाकारता येत नाही, आणि राहण्याची जागा न दाखवण्याला तर माझ्या मते कोणतेही कारण पुरेसे नाही. आम्ही लोकांना दुपारच्या विश्रांतीची वेळ टाळून, थोड्या-थोड्या संख्येने आत नेतो. भुंकणे होते आणि थोड्या वेळात थांबतेही.

आत गेल्यावर भिंती पाहा. आपल्याकडे अशी बांधकामे बहुधा चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) असतात, आणि गिलावा न केलेल्या चिऱ्याची भोके गोचिडांना फार सोयीची पडतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याला कितीही औषध लावले तरी जागेतून गोचीड जात नाही. मोबाइलचा टॉर्च लावून भिंत जिथे छपराला मिळते तो कोपरा आणि दाराच्या चौकटीची फट नीट बघा. फरशी कशाने धुतात तेही विचारा. नुसत्या फिनेलवर विसंबणारे केनेल मला काळजीचे वाटते, कारण पार्व्होचा (कुत्र्यांना जीवघेणे जुलाब आणि उलट्या करणाऱ्या रोगाचा) विषाणू त्याला सहसा दाद देत नाही. त्यासाठी आधी घाण पूर्ण काढून, साधारण ५ टक्के तीव्रतेचे ब्लीच एका भागाला ३० भाग पाणी या प्रमाणात घेऊन फरशी १० मिनिटे ओली ठेवावी लागते आणि मग भरपूर पाण्याने धुवावी लागते. पावसाळ्यात धुण्यापेक्षा वाळवणे कठीण असते. ओलसर फरशीवर कुत्र्यांच्या बोटांमधली कातडी लाल होते, म्हणून पंखे, उंच खाट आणि वीज गेल्यास इन्व्हर्टर यांचीही चौकशी करावी. जागा रानाला लागून असेल, तर रात्री कुत्रे छपराखाली बंद खोलीत असतात का, हे नक्की विचारा. बिबटा कुत्र्यासाठी वस्तीत येतो, हे सत्तरीच्या माणसाला मी सांगायला नको.

खाण्याचे म्हणाल, तर अचानक बदल केल्यास जुलाब ठरलेलेच. आमच्याकडे घरचाच भात-बांगडा शिजवून देतो. काटे मात्र पूर्ण काढावे लागतात आणि मीठ घालायचे नसते. तसे जमत नसेल, तर आतापासून घरीच सात-आठ दिवसांत थोडे थोडे करून कोरडे खाद्य वाढवत न्या.

फोंडेकर (उत्तर)

वरील माहिती मोलाची आहे, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. फटाक्यांना घाबरणाऱ्या तरुण कुत्र्याला ऐन चवथीत, केनेल तुडुंब भरलेले असताना, प्रथमच बाहेर ठेवणे मला जोखमीचे वाटते. ओळखीचे कोणी म्हापशाच्या घरी येऊन राहू शकत असेल, तर कुत्र्याला त्याचे अंथरूण, त्याचे अंगण आणि त्याचे वास सोडावे लागणार नाहीत. प्रशिक्षण वडील बरे झाल्यावरही घेता येईल.

आमच्या कुत्रीला आम्ही अशाच हमीवर एका ठिकाणी ठेवले होते. ती परत आली तेव्हा सांगितल्याबरोबर बसत होती, पण गळपट्ट्याकडे हात नेला की डोळे मिटून जमिनीला चिकटत होती. तिथे काय घडले ते आम्हाला कोणी सांगितले नाही. तिचा विश्वास परत मिळवायला आमच्या घरातील सर्वांना फार दिवस लागले. म्हणून माझी विनंती आहे की कोणत्या साधनाने शिकवणार, हे विचारल्याशिवाय कुत्रा कोणाच्याही स्वाधीन करू नये.

बारदेशकर

दोघांचेही मनापासून आभार. घरी येऊन राहील असे कोणी आमच्याकडे नाही, त्यामुळे बोर्डिंगला पर्याय नाही. मी आज त्या केनेलला फोन करून साधनांविषयी विचारले. गरज पडल्यास इलेक्ट्रॉनिक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) वापरतो, त्याने इजा होत नाही, असे उत्तर मिळाले. हे कितपत ग्राह्य धरावे? दुसरे असे की त्याचे रेबीजचे इंजेक्शन वेळेवर झाले आहे, पण बाकीच्या लसींचा वार्षिक डोस राहिला आहे. चवथीला महिनाभर आहे, तेवढा वेळ पुरेल का?

पेडण्याची (उत्तर)

कॉलरला माझा ठाम नकार आहे. आपला कुत्रा आवाजाला घाबरणारा आहे. हॉर्न वाजताच मानेला झटका बसला, तर हॉर्न म्हणजे वेदना एवढेच त्याच्या मनात ठसेल. भुंकणे कदाचित थांबेल, पण पोदेराची भीती वाढेल, आणि असा कुत्रा पुढे पूर्वसूचना न देता चावण्याची शक्यता असते. अमेरिकेतील पशुवर्तनविषयक पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली जाहीर केलेल्या भूमिकेत सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतीच सुचवली आहे आणि शॉक कॉलर, प्राँग कॉलर (आतून धातूचे दाते असलेला गळपट्टा) यांसारखी साधने वापरू नयेत असे म्हटले आहे. मारहाणीचा प्रकार कुठे दिसला, तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

फोंडेकरांची चवथीबद्दलची काळजी रास्त आहे. त्यासाठी दुसरे केनेल निवडून त्याला या महिन्यात आधी एक दुपार आणि मग एक रात्र तिथे ठेवून पाहा. दुसऱ्या दिवशी तो जेवला का आणि गाडीतून उतरताना मागे खेचतो का, एवढ्यावरून पुष्कळ कळते. त्याची जुनी चादर बरोबर द्या, आणि ती धुऊ नका.

पशुवैद्य, तिसवाडी (उत्तर)

लसींसाठी महिना पुरेसा आहे, परंतु याच आठवड्यात दवाखान्यात जावे. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांवरील एकत्रित लसीत बहुधा लेप्टोस्पायरोसिसचाही अंश असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा हा रोग आपल्या पावसात महत्त्वाचा ठरतो आणि तो माणसांनाही होतो. लेप्टोचा मागील डोस फार लांबला असेल, तर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस द्यावा लागतो, आणि म्हणूनच उशीर नको. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस नाकातून देण्याची असल्यास ती मुक्कामाच्या किमान एक आठवडा आधी घ्यावी. गोव्याला २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र घोषित करण्यात आले, तरीही रेबीजचे प्रमाणपत्र न मागता कुत्रा ठेवून घेणारे केनेल टाळावे, कारण ते इतरांचेही प्रमाणपत्र मागत नसणार.

गोचिडांसाठी तोंडाने देण्याच्या गोळ्या मिळतात. अफॉक्सोलॅनरचा परिणाम सुमारे महिनाभर आणि फ्लुरालॅनरचा १२ आठवडे राहतो. कुत्र्याला पूर्वी कधी फेफरे आले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण अशा रुग्णांत ही औषधे जपून वापरावी लागतात. गोळीने गोचीड मरते ती चावल्यानंतर. एर्लिकिया या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रोगाचे जंतू मात्र गोचीड चिकटल्यावर काही तासांतच रक्तात शिरू शकतात, त्यामुळे गोळी दिली तरी रोज हाताने कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्या लागतात, आणि केनेलमध्ये हे कोण करणार ते आताच ठरवावे.

फटाक्यांच्या भीतीवर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. ती तपासणीनंतरच द्यावीत आणि त्यांची पहिली मात्रा घरी, शांत दिवशी देऊन पाहावी. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कदापि देऊ नयेत.

कुत्रा घरी परतल्यावर तीन आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे. कोरडा खोकला बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो. एर्लिकियाची लागण झाली असल्यास एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, खाणे कमी होते, हिरड्या फिकट पडतात आणि कधी नाकातून रक्त येते. गुदद्वारातून घेतलेले तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेले किंवा लघवी गडद तांबूस दिसली, तर त्याच दिवशी रक्त तपासून प्लेटलेट मोजून घ्याव्यात, आणि तो कोणत्या तारखांना केनेलमध्ये होता हे डॉक्टरांना सांगावे.